तार नसलेल्या मॉडेमची वंशावळ

सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. शाळेत असताना सहावी-सातवीच्या मुलांची सहल आम्ही आर्वीहून तिकडे न्यायचो. बापूकुटी, चरखा, चटई हे सगळं मुलं भराभर पाहून घेत आणि टेलिफोनपाशी मात्र थबकत. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलण्याची गरज पडे, म्हणून सरकारने तो तिथे बसवून दिला होता, असं मी सांगायची. एका वर्षी एका पोराने विचारलं, "बाई, मग फोन कोणाचा? गांधीजींचा का सरकारचा?"

प्रश्न फार चांगला होता. घर गांधीजींचं, बोलणं गांधीजींचं, पण यंत्र सरकारचं. पुढे स्वातंत्र्य आलं तरी घरच्या फोनची गत तीच राहिली. तार-टपाल खात्याने दिलेलं काळं यंत्र घ्यायचं, भाडं भरायचं, आणि बिघडलं तर खात्याच्या माणसाची वाट पाहायची. त्या तारेला आपल्या मनाने दुसरं काही जोडायची सोय नव्हती. आमचे यजमान टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे हे सगळं मी घरातूनच ऐकत आले. ट्रंक कॉल बुक करायचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि बसायचं वाट पाहत. मध्ये एक माणूस असायचा तो कोण कुणाशी जोडायचं ते जोडायचा. आमच्याकडे तो माणूस रोज संध्याकाळी घरी चहा प्यायला यायचा, एवढाच फरक.

मंडळी, आज लिहायचंय ते खरं तर यूएसबी मॉडेमबद्दल. पेनड्राइव्हएवढी ती काठी, आत सिम कार्ड, कॉम्प्युटरला लावली की इंटरनेट. २०१० च्या सुमारास गावोगावी विकली जायची. विंडोजवर लावली की चालायची आणि लिनक्सवर लावली की कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकून पाहायचा नाही. तिला चालू करण्यात माझा २०१० चा एक अख्खा महिना गेला. पण इतिहासाच्या शिक्षकाला 'कसं चालू केलं' यापेक्षा 'ओळख का पटत नव्हती' हे शोधण्यात जास्त रस. आणि ते शोधत गेले तर धागा थेट त्या पोराच्या प्रश्नापाशी निघाला. यंत्र कोणाचं?

आता जरा लांबून सुरुवात करते. कंटाळा आला तर चहा करून या.

अमेरिकेत टेलिफोनवर बहुतांशी एकाच कंपनीची सत्ता होती, एटी अँड टी. तिचाही नियम असाच, की आमच्या तारेला आमचंच यंत्र लागेल. टेक्सासमधल्या टॉम कार्टर नावाच्या गृहस्थाने कार्टरफोन नावाचं एक उपकरण केलं. रानात, तेलविहिरींवर काम करणाऱ्या माणसाच्या वायरलेसचा आवाज टेलिफोनच्या रिसिव्हरला पोचवायचं. तारेला तार जोडलेली नाही, नुसता रिसिव्हर त्या पाळण्यात ठेवायचा. तरी कंपनीने हरकत घेतली. प्रकरण तिथल्या दूरसंचार आयोगापुढे गेलं आणि १९६८ साली निकाल लागला, की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने स्वतःचं उपकरण जोडायला हरकत नाही. पुढे घरोघरी मॉडेम जोडता आले त्याची मुळं या निकालात आहेत.

आणि गंमत पाहा. बरोबर पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, त्याच एटी अँड टी च्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. तिचं नाव युनिक्स. म्हणजे एका घरात एकीकडे 'आमच्या तारेला हात लावू नका' म्हणणारे वकील, आणि दुसरीकडे पुढे जगभरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारी युनिक्स. एकाच वाड्यात किती तऱ्हेची माणसं नांदतात, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आपण वापरतो ते लिनक्स हे युनिक्स नव्हे बरं का. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते स्वतंत्रपणे लिहायला सुरुवात केली. चालरीत सगळी युनिक्सची, पण नाव लावायचा अधिकार नाही. म्हणून त्याला 'युनिक्ससारखं' म्हणतात. घराण्याची गायकी उचलली, पण गंडा बांधलेला नाही, असं समजा.

मॉडेम म्हणजे काय ते दोन ओळींत सांगते. कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढंच कळतं, टेलिफोनच्या तारेला आवाज कळतो. शून्य-एकचा आवाज करणारं आणि आवाजाचे पुन्हा शून्य-एक करणारं यंत्र ते मॉडेम. दुभाषा म्हणा. जुन्या मॉडेमची ती कर्कश किंकाळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

बेल लॅब्जमध्येच माइक लेस्क यांनी १९७० च्या दशकात युनिक्ससाठी 'यूयूसीपी' नावाची सोय लिहिली. एका युनिक्स यंत्राने रात्री-बेरात्री दुसऱ्याला फोन लावायचा, फायली आणि पत्रं देवाणघेवाण करायची, फोन ठेवायचा. हे इतक्या तपशिलाने सांगते कारण आपल्या देशात ईमेल आलं ते याच वाटेने, आणि ते मुंबईत आलं. जुहूची एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास मॉडेमवरून ईमेल सुरू झालं. एर्नेट नावाच्या प्रकल्पाचे ते दिवस. १९८९ पर्यंत एनसीएसटी मधून अमेरिकेपर्यंत दुवा गेला होता, वेग ९.६ किलोबिट. म्हणजे आज मोबाइलवर आलेला एक साधा 'शुभ सकाळ'चा फोटो त्यावरून यायला कित्येक मिनिटं लागली असती. (त्या काळी लोक सुखी होते ते यामुळेही असेल!) त्या केंद्राचे श्रीनिवासन रमणी यांचं नाव २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एखादा परिच्छेद असायला हरकत नव्हती, असं मला आपलं वाटतं.

सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे ते सुरू केलं. माझा भाचा तेव्हा मुंबईला इंजिनियरिंगला होता. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं स्वस्त खातं असे, त्याला 'शेल अकाउंट' म्हणत. चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर अक्षरं. आपला कॉम्प्युटर फक्त खिडकी, खरं काम निगमच्या युनिक्स यंत्रावर चालायचं. लिंक्स नावाच्या प्रोग्रामने पानं वाचायची, पाइनने पत्रं. तो सुट्टीत आर्वीला आला की हे सगळं रंगवून सांगायचा, आणि आमचे हे त्याला एकच विचारायचे, "लाइन सोडते कोण मंग?"

लाइन सोडणारं यंत्र मॉडेममध्येच होतं. १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीने 'स्मार्टमोडेम' काढला. तोवर बऱ्याचदा माणसाने फोन फिरवायचा आणि मग मॉडेमच्या हवाली करायचा, अशी तऱ्हा होती. हेजच्या मॉडेमला कॉम्प्युटरच आज्ञा देई. आज्ञा 'एटी' ने सुरू होते, म्हणजे अटेन्शन, सावधान! पुढे डी म्हणजे डायल, टी म्हणजे टोन. जुन्या चकतीच्या फोनसारखे ठोके हवे असतील तर टी ऐवजी पी, म्हणजे पल्स. ह्यांना हे समजावलं तेव्हा ते खूश झाले. "पल्स मंजे आमचं. खट-खट-खट," म्हणाले आणि टेबलावर बोटाने सात ठोके मारून दाखवले.

ही 'एटी' ची भाषा इतकी रुळली की पुढे मॉडेम कुणीही बनवला तरी भाषा हीच. लिनक्सवाल्यांना ते सोयीचं पडलं. मॉडेम कुठल्याही कंपनीचा असो, मागच्या सिरियल पोर्टला लावा, 'एटी' म्हणा, 'ओके' असं उत्तर आलं की झालं. ओळख दाखवायची गरजच नव्हती. त्या पोर्टचं युनिक्समधलं नाव 'टीटीवाय' ने सुरू होतं. टीटीवाय म्हणजे टेलीटाइप, तारखात्यातलं ते खडखडणारं टंकयंत्र. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण लिनक्सच्या पोटात तारयंत्राचं नाव अजून आहे.

मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी बिघडलं.

पहिलं १९९० च्या दशकाच्या शेवटी. मॉडेम स्वस्त करायचा म्हणून कंपन्यांनी त्यातली विचार करणारी चिप काढून टाकली आणि ते काम कॉम्प्युटरवर ढकललं. ते काम करणारा प्रोग्राम दिला फक्त विंडोजसाठी. म्हणून त्यांना 'विनमोडेम' म्हणू लागले. असा मॉडेम लिनक्सला लावला तर 'एटी' ला उत्तर द्यायला आत कुणी नव्हतंच. दुकानात मात्र डब्यावर नुसतं 'मोडेम' लिहिलेलं. लिनक्सवर त्याला जागं करण्याचे काही जणांनी नेटाने प्रयत्न केले, त्यांना 'लिनमोडेम' म्हणत.

दुसरं बिघडलं ते यूएसबी आल्यावर, पण यूएसबीला दोष देता येणार नाही. एकाच आकाराचं भोक, त्यात माउस, छपाईयंत्र, कॅमेरा काहीही लागावं ही कल्पना. इंटेल कंपनीत त्या कामाचे म्होरके अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. १९९६ साली पहिली आवृत्ती आली. त्यात अशी रीत आहे की कुठलंही उपकरण लावलं की ते आधी आपलं नाव-गाव सांगतं. एक आकडा कंपनीचा, एक आकडा उपकरणाचा. कंपनीचा आकडा पैसे भरून घ्यावा लागतो. ह्युवाईचा १२डी१, झेडटीई चा १९डी२. शिवाय 'मी कोणत्या जातीचं उपकरण' तेही सांगायचं असतं. मॉडेमसाठी ठरवून दिलेली जात आहे. ती प्रामाणिकपणे सांगणारं उपकरण लिनक्स लगेच ओळखतं.

पण या काठ्या ते सांगत नसत. 'कंपनी-विशेष' असं मोघम काहीतरी सांगत. आणि त्याही आधी त्या एक सोंग करत.

हे सोंग मला फार आवडलं, म्हणून जरा रेंगाळते. बेल्जियममधल्या ल्यूव्हन गावची 'ऑप्शन' नावाची कंपनी होती. तिने युक्ती काढली, की मॉडेमसोबत सीडी देण्याऐवजी मॉडेमच्याच पोटात थोडी जागा ठेवायची आणि प्रोग्राम त्यात भरायचा. काठी लावली की ती सांगते, "मी सीडी आहे." विंडोज बिचारं सीडी उघडतं, त्यातला प्रोग्राम आपोआप बसतो, आणि तो प्रोग्राम काठीच्या कानात एक परवलीचा शब्द सांगतो. तो ऐकला की काठी सीडीचं सोंग टाकते, क्षणभर नाहीशी होते आणि नवा आकडा घेऊन मॉडेम म्हणून परत येते. ऑप्शनने याला 'झीरोसीडी' नाव दिलं. मग ही पद्धत इतरांनीही उचलली. विंडोजवाल्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, लावलं आणि चाललं.

लिनक्सवर काय होई? काठी म्हणे मी सीडी. लिनक्स म्हणे, या, बसा. पडद्यावर सीडीचं चित्र येई, आत विंडोजचा सेटअप. कानात सांगणारा कुणी नाही, म्हणून काठी जन्मभर सीडीच. लिनक्सने तिला ओळखलं नाही असं आपण म्हणतो, पण खरं तर त्याने तिने सांगितलं ते तंतोतंत मानलं होतं.

आता माझ्या महिन्याची गोष्ट. २००९ मध्ये मी निवृत्त झाले. भाच्याने त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यावरचं विंडोज व्हायरसने इतकं पोखरलेलं की भाच्याने ते पुसून उबुंटू घातलं. त्या काळी उबुंटूची सीडी मागितली तर परदेशातून पोस्टाने फुकट घरी येई, २०११ पर्यंत ती सोय होती. मराठी टंकायला इनस्क्रिप्टचा कळफलक त्यात आयताच होता, ते मला फार मोलाचं वाटलं. लेक टोरांटोला होती, तिला नुकतीच मुलगी झाली होती. ह्यांची तब्येत त्या वर्षापासून उतरणीला लागलेली, प्रवासाचं नावच काढायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या, आता नात पाहायला लाइन नव्हती. लँडलाइनवर ब्रॉडबँड आमच्या भागात मिळेना, म्हणून मी एका कंपनीची काठी विकत आणली. नाव सांगत नाही. मदतीच्या नंबरावर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, विंडोज टाकून घ्या."

भाचा पुण्याहून फोनवर सांगायचा आणि मी वहीत लिहून घ्यायची. ती वही अजून आहे. त्यात पहिली ओळ 'एलएसयूएसबी'. ही आज्ञा दिली की लावलेल्या उपकरणांची नावं-आकडे दिसतात. काठीचा आकडा दिसला. "मावशी, म्हणजे ती जिवंत आहे," भाचा म्हणाला. दुसरी आज्ञा 'डीमेसेज', ती लिनक्सची रोजनिशी दाखवते. तिथे लिहिलेलं, की एक सीडी आली आहे. इथे आम्हाला सोंगाचा पत्ता लागला.

सोंग उतरवणारा माणूसही जगात होता. जोशुआ डीत्से नावाच्या जर्मन गृहस्थाने २००७ च्या सुमारास 'यूएसबी मोडस्विच' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांना खुला करून दिला. कोणत्या काठीच्या कानात काय सांगायचं याची यादी त्यात असते. कंपन्यांनी ती दिली नव्हती. विंडोजवर काठी लावून, तारेवरून काय संदेश जातो ते टिपून, माणसांनी एकेक परवल शोधून काढली. ३१ बाइटचा संदेश, लिहायचा तर ६२ अक्षरं. सुरुवात नेहमी ५५५३४२४३. ही चार अक्षरं उलगडली तर 'यूएसबीसी' होतं. पुढे बऱ्याच शून्यांच्या रांगेनंतर खरी आज्ञा, आणि पुष्कळ काठ्यांच्या बाबतीत ती आज्ञा काय, तर 'सीडी बाहेर काढ'! ज्या यंत्रात सीडी नाहीच त्याला सीडी बाहेर काढ म्हटलं की ते ओशाळून खरं रूप दाखवतं. पुराणातल्या मायावी राक्षसांची आठवण झाली मला.

पण प्रोग्राम आणायचा कुठून? इंटरनेट चालू करायला जो प्रोग्राम हवा तो इंटरनेटवर. आर्वीच्या सायबर कॅफेत जाऊन पेनड्राइव्हवर उतरवायचा, घरी आणायचा, तर तो म्हणे मला आधी अमुक एक हवं. परत कॅफे. ते आणलं तर ते म्हणे मला तमुक हवं. तासाला वीस रुपये आणि त्यात भारनियमन. तीन फेऱ्या झाल्या. कॅफेतला पोरगा माझा जुना विद्यार्थी, त्याने तिसऱ्या फेरीला पैसे घ्यायचं नाकारलं, तेही बरं दिसेना म्हणून त्याला शेंगदाण्याची चिक्की नेऊन दिली.

मोडस्विच चालवलं. काठीवरचा दिवा हिरव्याचा निळा झाला. एलएसयूएसबीत आकडा बदलला. पण अजून टीटीवाय चं दार दिसेना. कारण नव्या आकड्याची काठी कुणी सांभाळायची हे लिनक्सला ठाऊक नव्हतं. लिनक्समध्ये अशा काठ्या सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचं नावच 'ऑप्शन' आहे, त्याच बेल्जियमच्या कंपनीवरून पडलेलं, आणि सांभाळतो तो सगळ्यांच्या काठ्या. त्याच्याकडे आकड्यांची यादी असते. आमची काठी नवी, यादीत नव्हती. तेव्हा 'मोडप्रोब' या आज्ञेने 'यूएसबीसिरियल' या साध्या ड्रायव्हरला सांगायचं, की अमुक कंपनी, अमुक आकडा, याला तू घे. तो वेगाने थोडा मंद, मुळात चाचणीसाठी केलेला, पण कुणालाही घरात घेतो.

आणि दारं उघडली. टीटीवाययूएसबी शून्य, एक आणि दोन. तीन दारं कशाला? एक बोलण्यासाठी, एक कंपनीच्या तपासणीसाठी, एक सिग्नल वगैरे विचारण्यासाठी. कोणतं कशाचं ते काठीवर लिहिलेलं नसतं. दार वाजवून पाहायचं.

इथे मला पुलगाव स्टेशन आठवलं. मुंबई-नागपूर ही मोठी लाइन, रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. पुलगावहून आर्वीला १९१७ पासून छोटी गाडी येत होती, रुळांमधलं अंतर अडीच फूट. आर्वीचा कापूस छोट्या डब्यांतून पुलगावला जायचा आणि तिथे हमाल एकेक गाठ उचलून मोठ्या डब्यात टाकायचे. कापूस तोच, रूळही लोखंडाचेच, पण एका गाडीला दुसऱ्या रुळावर चढता येत नाही. पुलगावच्या फलाटावर जे हमाल करत, ते कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर करतो. आणि मोडस्विच लिहिणाऱ्या माणसाने न सांगता, न मजुरी घेता गाठी उचलल्या होत्या. कितीतरी गावांच्या.

शेवटी डायल करायचं. 'डब्ल्यूव्हीडायल' नावाचा प्रोग्राम होता. त्याच्या फायलीत दाराचं नाव लिहायचं, कंपनीने दिलेलं एपीएन लिहायचं, आणि नंबर लिहायचा 'स्टार ९९ हॅश'. एक ओळ अशीही होती: 'स्टुपिड मोड = १'. म्हणजे समोरून नाव-पासवर्ड विचारतील याची वाट पाहू नकोस, सरळ मठ्ठासारखा पुढे जा. आमच्या वर्गात काही मुलं होती तशी, आणि तीच पुढे आयुष्यात बरी निघाली.

मग पडद्यावर ते आलं: एटीझेड, ओके. एटीडीटी, स्टार ९९ हॅश. कनेक्ट.

मी पाहत राहिले. तार नाही, डायल टोन नाही, एक्स्चेंजमध्ये कुणी बसलेलं नाही. स्टार ९९ हॅश हा कुणाचा टेलिफोन नंबरही नाही. तरी काठी १९८१ च्या मॉडेमचं नाटक करत होती आणि लिनक्स तारखात्याच्या टेलीटाइपचं, कारण दोघांना समजणारी तेवढी एकच जुनी भाषा होती. हे मागे आरामखुर्चीत होते. त्यांनी विचारलं, "लागली का वं लाइन?"

लागली होती. काठी ३जी म्हणून विकलेली, पण आमच्याकडे बहुतेक वेळा २जीच मिळायचं. स्काइपवर चित्र थिजायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. लेकीने फोटो पाठवले ते वरून खाली पट्टीपट्टीने उतरत. आधी टोपरं, मग कपाळ, मग डोळे. ह्यांनी ते पट्टीपट्टीने उतरणारं तोंड जितकं लक्ष देऊन पाहिलं तितकं त्यांनी काही पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. नाक दिसलं तेव्हा म्हणाले, "आपल्या मायवर गेली." नंतर दीड वर्ष रोज रात्री नऊच्या सुमारास लाइन लागे, कधी लागतही नसे. २०१२ च्या पावसाळ्यात हे गेले. नातीला त्यांचा आवाज आठवत नाही, पण लेक सांगते की ती लहानपणी कॉम्प्युटरला 'आबा' म्हणायची.

असो.

पुढचा इतिहास लवकर आटोपतो. एक-दोन वर्षांत मोडस्विच उबुंटूसोबतच येऊ लागलं, काठी लावली की आपोआप सोंग उतरे. नंतरच्या काठ्यांनी मॉडेमचं नाटकच सोडलं आणि स्वतःला सरळ नेटवर्क कार्ड म्हणवू लागल्या. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, फोनचंच इंटरनेट कॉम्प्युटरला देता येऊ लागलं आणि काठ्यांचा बाजार बसला. स्काइपही २०२५ च्या मे महिन्यात बंद झालं. डीत्से यांची यादी मात्र वाढत वाढत शेकडो नोंदींची झाली. त्यात आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मायक्रोमॅक्ससारख्या काठ्याही आहेत. त्या परवली कुणीतरी कुठेतरी रात्री जागून टिपलेल्या असणार. एखाद्याला परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल, एखाद्याला नात पाहायची असेल.

गेल्या दिवाळीत भाचा सहकुटुंब आला होता. त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. कपाटातून काठी काढून त्याला दिली. लावल्याबरोबर, कुणी काही न सांगता, सीडी आली, गेली, दिवा निळा झाला आणि तिन्ही दारं उघडली. पोराने एका दारावर 'एटी' टंकलं. 'ओके' असं उत्तर आलं. सिम केव्हाच बंद पडलंय, तेव्हा त्यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. त्याने आपल्या मनानेच 'एटीडीपी' लिहून ह्यांचा एक्स्चेंजचा जुना नंबर घातला, मला विचारून.

'नो कॅरिअर' आलं.